फोन चांगला आहे, टॉवरही जागेवर आहे. मग नेट कुठे गेलं?

बाबांचा फोन २०१३ साली घेतलेला, थ्रीजी. रोज सकाळी चहा घेताना ते त्यावर व्हॉट्सअ‍ॅप उघडायचे आणि नातवाचे फोटो मोठे करून बघायचे. एका आठवड्यात ते सगळं थांबलं. बोलणं नीट चालू होतं, पण फोटोवरचं गोल चक्र नुसतं फिरत राहायचं. आम्ही फोन बंद करून चालू केला, अ‍ॅप काढून परत टाकलं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सांगितलं म्हणून बॅटरीही बदलली, त्यात साडेचारशे रुपये गेले. आठ-दहा दिवसांनी मेसेज चाळत बसले तेव्हा उलगडा झाला. कंपनीने महिनाभर आधी दोन एसएमएस पाठवले होते: अमुक तारखेपासून आपल्या भागातलं थ्रीजी बंद होत आहे, फोरजी सिम आणि फोरजी फोन घ्या. इंग्रजीत. बाबांना इंग्रजी उत्तम येतं. पण ‘नवीन फोन घ्या’ हे वाक्य रोज चार जाहिराती सांगतात, त्यांनी तीही जाहिरातच समजली.

देशातल्या लाखो लोकांच्या बाबतीत हेच झालं आहे आणि अजून होतं आहे. एअरटेलने २०१९-२० मध्ये थ्रीजी गुंडाळलं, मग व्होडाफोन आयडियाने ते आटोपतं घेतलं. बीएसएनएल आता फोरजीचे टॉवर उभे करत जुनं थ्रीजी टप्प्याटप्प्याने काढतं आहे. आणि टूजीचं काय करायचं, हा वाद तर कधीचा चालू आहे. आपला फोन यात कुठे बसतो हे ओळखणं फार अवघड नाही, फक्त ते कुणी सरळ सांगत नाही.

## ‘जी’ म्हणजे नेमकं काय

‘जी’ म्हणजे जनरेशन, पिढी. फोन आणि टॉवर एकमेकांशी रेडिओ लहरींवरून बोलतात. त्या बोलण्याचे नियम दोघांना ठाऊक असावे लागतात. टूजी, थ्रीजी, फोरजी, फाइव्हजी ही या नियमांची नावं. त्यांना भाषा म्हटलं तरी चालेल. टूजीचा फोन एकच भाषा जाणतो. थ्रीजीच्या फोनला टूजीही येते. फोरजीचा फोन बहुधा तिन्ही बोलतो.

कंपनी ‘थ्रीजी बंद केलं’ म्हणते तेव्हा टॉवर पाडत नाही. तोच लोखंडी सांगाडा, तोच डोंगर, तीच वीज. फक्त वरची यंत्रणा ती एक भाषा बोलणं सोडते. बाबांच्या फोनला थ्रीजी ऐकू येईना, म्हणून तो टूजीवर उतरला. टूजीवर आवाज नीट जातो, म्हणून फोन लागत राहिले. पण दोन एमबीचा फोटो त्या वाटेने यायला दोन-तीन मिनिटं लागतात. फोनमध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं.

## चालू आहे ते बंद कशाला करायचं?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि तो रास्त आहे. उत्तर जमिनीत आहे.

रेडिओ लहरींचा जो पट्टा फोनसाठी वापरता येतो, त्याला स्पेक्ट्रम म्हणतात. हा पट्टा जमिनीसारखाच मोजका असतो. सरकार त्याचे तुकडे लिलावात विकतं, कंपन्या हजारो कोटी मोजून ते घेतात. आता समजा, तुमच्याकडे पाच एकर रान आहे. त्यात जुनं पीक उभं आहे, त्याला पाणीही लागतं, राखणही लागते, पण हाताला येतं थोडंच. शेजारच्या तुकड्यात नवं वाण लावलंय, ते तेवढ्याच जागेत कितीतरी पटीने पिकतं. एका ओळीत दोन्ही पेरता येत नाहीत. तुम्ही काय कराल?

थ्रीजीचं दुखणं हेच. त्याचा लहानात लहान वाफा पाच मेगाहर्ट्झचा (मेगाहर्ट्झ हे हा पट्टा मोजायचं माप). त्यावर पाचशे माणसं असोत की पाच, जागा तेवढीच अडते. तोच पट्टा फोरजीला दिला की त्यातून अनेक पट जास्त माहिती जाते. शिवाय तीन पिढ्यांची यंत्रं चालवायची म्हणजे विजेचं बिल, सुटे भाग आणि ते दुरुस्त करणारी माणसं हेही तिप्पट सांभाळायचं. जुन्या यंत्रांचे भाग तर बनायचेच कमी होतात.

मला स्वतःला हा निर्णय पटतो. संध्याकाळी सात वाजता आपल्या सगळ्यांचं नेट रडतं, त्याचं एक कारण असं अडलेलं रानच असतं. राग आहे तो हे ज्या पद्धतीने केलं जातं, त्यावर.

कोलकात्याचं एक नवल सांगते. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी भारतातला पहिला मोबाईल कॉल कोलकात्याहून दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांना लावला. भारतातलं पहिलं फोरजी एअरटेलने २०१२ मध्ये कोलकात्यातच सुरू केलं. आणि २०१९ मध्ये एअरटेलने थ्रीजी बंद करायला सुरुवात केली तीही कोलकात्यातूनच. एकाच शहरात एक पिढी आली, एक गेली, आणि सगळ्यात जुनी, १९९५ ची टूजी, अजून तिथे चालू आहे.

## मग थ्रीजी आधी का? टूजी तर त्याहून म्हातारं

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. म्हातारं राहिलं आणि मधलं गेलं.

टूजीला जागा फार थोडी लागते. त्याचा एक वाफा २०० किलोहर्ट्झचा, म्हणजे थ्रीजीच्या वाफ्याच्या पंचविसावा हिस्सा, आणि त्यात आठ बोलण्यांची सोय होते. बांधाच्या कडेला चार ओळी लावाव्यात तसं ते कोपऱ्यात ठेवता येतं. दुसरं, टूजीचे गिऱ्हाईक ठाम आहेत. बटणांचे छोटे फोन कोट्यवधींच्या हातात आहेत आणि त्यांना दुसरी भाषाच येत नाही. थ्रीजी मात्र दोन्हीकडून मागे पडलं. बोलायला टूजी पुरतं, नेटला फोरजी लागतं. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, फोरजी नेट एकदम स्वस्त झालं आणि थ्रीजीचं उरलेलं कामही संपलं. आपल्याकडे एमटीएनएलने डिसेंबर २००८ मध्ये थ्रीजी आणलं होतं. दहा-अकरा वर्षांत त्याची आवराआवर सुरू झाली.

सगळ्या देशांनी हाच क्रम धरला असं नाही. अमेरिकेत एटी अँड टीने २०१७ च्या पहिल्या दिवशी टूजी बंद केलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी. जपानमध्ये एनटीटी डोकोमोने ऑक्टोबर २००१ मध्ये सुरू केलेल्या थ्रीजीला ३१ मार्च २०२६ ही शेवटची तारीख दिली, आणि ती कितीतरी वर्षं आधी सांगून ठेवली.

## ‘माझ्या फोनवर फोरजी लिहून येतं, म्हणजे मला चिंता नाही’

हे नेहमीच खरं नसतं. या लेखातला सगळ्यात कामाचा भाग मला हा वाटतो.

फोरजी मुळात नेटसाठी घडवलं गेलं. जुन्या पद्धतीने फोन लावला की तुमच्यासाठी एक आख्खी वाट राखून ठेवली जाते. एसटीत आरक्षण केलेल्या सीटसारखी ती असते, तुम्ही गप्प बसलात तरी ती तुमचीच. फोरजीत अशी राखीव सीट नाही. तिथे आवाजाचेही तुकडे करून, पाकिटांत घालून, बाकीच्या माहितीसोबत पाठवावे लागतात. ही सोय पुढे वेगळी आली. तिला आपल्याकडे ‘व्होल्टी’ (VoLTE) म्हणतात.

ज्या फोनमध्ये व्होल्टी नाही, तो फोरजीवर नेट चालवतो, पण कॉल आला की झटकन खाली थ्रीजीवर किंवा टूजीवर उतरतो, बोलणं संपलं की परत वर चढतो. आपल्याला हे कळतही नाही. साधारण २०१४ ते २०१६ मध्ये विकलेल्या कित्येक ‘फोरजी’ फोनची हीच गत आहे. आयफोन ५एसला व्होल्टी नाही, आयफोन ६ ला आहे. दुकानात मात्र दोन्ही फोरजी म्हणूनच विकले गेले.

तपासायला एक मिनिट लागतं. वायफाय बंद करा. घरातल्या दुसऱ्या फोनवर कॉल लावा आणि बोलणं चालू असताना स्क्रीनच्या वरच्या पट्टीकडे बघा. फोरजीची खूण तशीच राहिली, तर तुमचा कॉल फोरजीवरून चाललाय. ती जाऊन ‘ई’, ‘एच’ किंवा थ्रीजी अशी काही खूण आली, तर तुमचा फोन बोलण्यासाठी जुन्या जाळ्यावर टेकलेला आहे. अशा वेळी आधी सेटिंगमध्ये जाऊन व्होल्टीचं बटण चालू आहे का पाहा. पुष्कळदा ते कुणीतरी बंद करून ठेवलेलं असतं. तरीही जमलं नाही तर सिम जुनं असू शकतं. फार जुन्या सिममध्ये बहुधा फोरजीची सोयच नसते. ते बदलून घ्यावं लागतं, नंबर तोच राहतो.

सिम बदलायला स्वतः कंपनीच्या दुकानात जा. ‘तुमचं सिम चोवीस तासांत बंद होणार, सिमच्या मागचा नंबर सांगा’ असा फोन आला तर तो चोराचा. थ्रीजी बंद होतंय ही बातमी खरी असल्यामुळेच ही थाप खपते. सिम बदललं की पहिले चोवीस तास त्यावर एसएमएस अडवलेले असतात, म्हणजे बँकेचा ओटीपीही येत नाही. ते मुद्दाम, तुमच्या सुरक्षिततेसाठी केलेलं आहे. घाबरू नका, फक्त त्या दिवशी बँकेचं काम ठेवू नका.

## ऑस्ट्रेलियात काय झालं

टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या तिथल्या दोन मोठ्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून थ्रीजी बंद केलं. टेल्स्ट्राची आधीची तारीख जूनची होती. ती पुढे ढकलावी लागली, आणि त्यामागचं एक मोठं कारण अंगावर काटा आणणारं आहे.

काही फोन असे निघाले की रोजचे कॉल व्होल्टीवरून व्यवस्थित जातात, पण तिथला तातडीचा नंबर, तीन शून्य, लावला की फोन आतल्या जुन्या आज्ञेप्रमाणे थ्रीजी शोधायला जातो. थ्रीजी नसेल तर तो कॉल लागतच नाही. विचार करा. रोज मुलीशी बोलणाऱ्या माणसाला आपला फोन ठणठणीत वाटणार, आणि छातीत कळ येईल त्या रात्रीच कळणार की तो ठणठणीत नाही. तिथल्या नियामकाने शेवटी कंपन्यांना बंधन घातलं: ज्या फोनवरून तीन शून्य लागू शकत नाही, त्याला जाळ्यावर सेवाच द्यायची नाही. म्हणून नेट चालणारे, कॉल लागणारे फोनही ब्लॉक झाले. परदेशातून आणलेल्या फोनना याचा फटका बसला. सिडनी-मेलबर्नला मुलांकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आई-बाबांनी इथला जुना फोन नेऊन त्यात तिथलं सिम घालायचं ठरवलं असेल, तर आधी मुलांना त्या फोनचं मॉडेल तिथे चालतं का ते बघायला सांगा. अमेरिकेतही तिन्ही मोठ्या कंपन्यांचं थ्रीजी २०२२ मध्येच संपलं, व्होल्टी नसलेला फोन तिथेही अडतो.

आपल्याकडे टूजी चालू आहे तोवर ११२ या आपल्या तातडीच्या नंबराला ती खालची वाट मिळते. १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं की मदतीसाठी फोन लागावा, असा नियम आहे. तो नियम ज्यांच्यासाठी झाला, त्यांच्याच हातात आज टूजीचे फोन आहेत. टूजी काढायची वेळ येईल तेव्हा ११२ ची चाचणी मॉडेलनिहाय घेऊन यादी मराठीत जाहीर व्हायला हवी, आणि ती बंद करण्याच्या आधी. (आपण स्वतः उगाच ११२ लावून पाहू नये, तिथे खरोखर कुणीतरी मदतीची वाट बघत असतं.)

## ‘मला फक्त बोलायचंय, मी का खर्च करू?’

माझी आत्या हेच म्हणते, आणि तिला उत्तर देताना माझी जीभ अडखळते.

रिलायन्सच्या मुकेश अंबानींनी २०२० मध्ये, पहिल्या कॉलला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, सांगितलं की ३० कोटी लोक टूजीत अडकले आहेत आणि टूजी इतिहासजमा व्हायला हवं. २०२३ मध्ये त्यांच्याच कंपनीने हा आकडा २५ कोटी दिला, आणि २०२४ च्या सुरुवातीला जिओने दूरसंचार नियामक ‘ट्राय’कडे टूजी-थ्रीजी पूर्ण बंद करण्याचं धोरण आखावं अशी मागणी लिहून दिली. हे बोलणारी कंपनी फोरजीवरच जन्मली, तिच्याकडे टूजीचा एकही ग्राहक नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाकडे असे कोट्यवधी ग्राहक आहेत. म्हणजे या वादात प्रत्येकाचा हिशेब आहे.

आत्याला ‘अडकल्यासारखं’ अजिबात वाटत नाही. तिच्या फोनची बॅटरी चार-पाच दिवस चालते, बटणं अंधारात बोटांना सापडतात, हातातून पडला तरी फुटत नाही. तिचा फोन गेला तर तिला पर्याय आहेत: जिओभारत २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आला, पण त्यात जिओचंच सिम चालतं. कुठलंही सिम घेणारे फोरजीचे बटणवाले फोनही बाजारात मिळतात, त्यांना पैसे जास्त पडतात आणि बॅटरी टूजीच्या फोनइतकी टिकत नाही. रिचार्जचं म्हणाल, तर डिसेंबर २०२४ मध्ये ‘ट्राय’ने कंपन्यांना नेट नसलेले, फक्त बोलणं आणि एसएमएसचे पॅक द्यायला लावले. दुकानदार स्वतःहून ते दाखवत नाहीत, मागावं लागतं.

टूजीच्या बाजूने बोलताना एक गोष्ट मला लपवता येत नाही. ते सुरक्षित नाही. टूजीचा टॉवर फोनची ओळख तपासतो, पण फोन टॉवरची तपासत नाही. त्यामुळे कुणी बनावट टॉवरची पेटी गाडीत घेऊन फिरलं, तर आसपासचे फोन मुकाट तिला जोडले जातात आणि बँकेच्या नावाचे खोटे मेसेज थेट पडद्यावर येतात. म्हणूनच अँड्रॉइड १२ पासून कित्येक फोनमध्ये टूजी बंद ठेवायचं बटण दिलं आहे. शहरात राहत असाल आणि तुमचे कॉल फोरजीवरून जात असतील तर ते दाबून ठेवा.

## डोंगरातली रेंज जाईल का?

‘टूजी लांब जातं, फोरजी जवळच मरतं’ असं घाटमाथ्यावरच्या गावांत ऐकू येतं. अनुभव खरा आहे, कारण वेगळं आहे. लहर किती लांब जाते हे मुख्यतः तिच्या पट्ट्यावर ठरतं, पिढीवर कमी. टूजी पुष्कळ ठिकाणी ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे, तो दऱ्याखोऱ्यांत लांबवर जातो. फोरजी पुष्कळ ठिकाणी १८०० किंवा २३०० वर लावलं, ते टेकडीआड लगेच विरतं. तोच ९०० चा पट्टा फोरजीला दिला तर तेही तेवढंच लांब जाऊ शकतं. तेव्हा गावकऱ्यांनी कंपनीला विचारायचा प्रश्न असा: आमच्या टॉवरवर फोरजी कुठल्या पट्ट्यात आहे?

## विहिरीवरची पेटी

फोनबद्दल एवढं बोललं जातं, यंत्रांबद्दल जवळपास काहीच नाही. दुकानातलं कार्ड स्वाइप करायचं मशीन, ट्रकमधला जीपीएस, काही लिफ्टमधला तातडीचा फोन, या सगळ्यांत सिमकार्ड असतं आणि पुष्कळ जुन्या यंत्रांत ते टूजीचंच असतं.

बार्शी तालुक्यात माझ्या मामाच्या विहिरीवर मोबाईल स्टार्टर आहे. पंपाच्या स्टार्टरशेजारी एक पेटी, तिच्यात एक सिम. मामा घरातून त्या नंबरवर फोन लावतो, पेटी फोन उचलते, एक दाबलं की मोटर सुरू, दुसरं बटण दाबलं की बंद. आठवड्यातले काही दिवस शेताला वीज रात्रीचीच मिळते. पूर्वी मामा कांद्याला पाणी द्यायला रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन बांधाबांधाने जायचा, पायाखाली साप असतात ते वेगळंच. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे असं यंत्र करून शेतकऱ्यांचं हे रात्रीचं जाणं वाचवलं, नंतर कितीतरी कंपन्यांचे स्टार्टर आले.

दिवाळीला गेले होते तेव्हा मी मामाला म्हटलं, पेटी उघडून बघू या. झाकणाच्या आत पालीची अंडी होती. सिम काढून पुसलं आणि माझ्या फोनमध्ये घातलं. मेसेज एकापाठोपाठ एक येऊन पडायला लागले. बरेचसे रिचार्जचे. दोन मात्र वेगळे होते: आपलं सिम फोरजीसाठी बदलून घ्या, जवळच्या दुकानात या. कंपनीने सांगितलं होतं, पण ज्या नंबरवर सांगितलं तो विहिरीवरच्या पेटीत होता. बंद होण्याची सूचना उद्या खरंच निघाली तर तीही तिथेच जाऊन पडणार.

पेटीच्या आत चिकटवलेल्या कागदावर मॉड्यूलचं, म्हणजे सिम चालवून टॉवरशी बोलणाऱ्या भागाचं, नाव होतं. मामाने ज्याच्याकडून घेतली त्याला आम्ही फोन केला. तो म्हणाला, “ही टूजीचीच. आता फोरजीची येते, पण तुमची चालतीय तोवर चालू द्या.” नवी घ्यायची झाली तर विचारायचे प्रश्न दोन: आत मॉड्यूल फोरजीचं आहे का, आणि ते कॉल व्होल्टीवर उचलतं का. फोरजी असून फक्त नेटवरच चालणारी पेटी घेतली तर मामाला ती अ‍ॅपवरून चालवावी लागेल, आणि मामाकडे तर बटणांचा फोन.

दुसऱ्या दिवशी आम्ही बार्शीला जाऊन त्या सिमच्या नोंदीत संपर्कासाठी मामाचा नंबर घालून घेतला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “हा नंबर कोण वापरतं?” मामा म्हणाला, “मोटर.” तिने मान वर करून बघितलं, आणि मग म्हणाली, “आमच्या पप्पांची पण आहे तशी पेटी. त्यांचा पण नंबर बदलून घेते आज.”